रागाला खाली बसवताना

मे महिन्यातल्या दुपारी गोंदियाच्या रस्त्यांवर चिटपाखरू नसतं. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि संध्याकाळी पाच वाजले तरी भिंती तापलेल्याच असतात. 2018 आणि 2019 या दोन्ही वर्षी रमजान याच उन्हात सापडला. चांद्र वर्ष आपल्या कॅलेंडरपेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे रमजान दरवर्षी थोडा अलीकडे येतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून होतात. उन्हाळ्यातला रोजा म्हणजे पहाटे चारच्या सुमारास सहेरी आटोपली की संध्याकाळी पावणेसातपर्यंत घशाखाली पाण्याचा थेंबही नाही. त्याच दिवसांत देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव भागांतल्या जंगलांत तेंदूपत्त्याची तोडणी चालू असते, राइस मिलची धुराडीही थांबलेली नसतात. रोजा आहे म्हणून काम सुटत नाही.

त्यातही बिडी ओढणाऱ्याचे हाल वेगळे. त्याचा उपास दुहेरी असतो. निकोटिन बंद झाल्यावर काही तासांतच जिवाची घालमेल सुरू होते, चिडचिड वाढते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सर्वांत जास्त असते, हे आता वैद्यकशास्त्राने नीट नोंदलेलं आहे. असरची, म्हणजे दुपार कलतानाची नमाज आणि रोजा सोडण्याचा इफ्तार यांच्यामधला काळ म्हणूनच नाजूक. गाडी आडवी लावली, गिऱ्हाईक भावावरून हटलं, पोराने पाण्याचा गडवा सांडला, कशावरूनही आवाज चढतो.

या वेळेसाठी प्रेषित मुहम्मदांची एक सूचना हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदींत, आलेली आहे. रोजा असताना कोणी भांडायला आलं, शिवीगाळ करू लागलं, तर त्याला सांगावं की माझा रोजा आहे. समोरच्याला लगेच माफ करून टाक, असं या सूचनेत म्हटलेलं नाही. तुला राग आला म्हणजे तुझा रोजा वाया गेला, असंही नाही. एक वाक्य बोलायचं आणि त्या वाक्याच्या आडोशाला उभं राहायचं, एवढंच मागितलं आहे. इस्लामने रागाबद्दल जे जे सांगितलं त्याची सगळी घडण अशीच आहे. राग येणार, हे धरूनच चाललेलं आहे. सारी धडपड आहे ती राग आणि त्यातून होणारी कृती यांच्यामध्ये थोडी जागा आणि थोडा वेळ घालण्याची.

गोंदिया जिल्ह्यात मुस्लिम वस्ती थोडी, दोन टक्क्यांच्या आसपास. घरात बोली हिंदी-उर्दूची, शाळा-कचेरीत मराठी, बाजारात जी समोर येईल ती. शेजारी राहूनही एकमेकांच्या धर्मातला हा भाग आपल्याला सहसा माहीत नसतो. सण माहीत असतात, शिरखुर्मा माहीत असतो. राग आल्यावर शेजाऱ्याला त्याच्या धर्माने काय करायला शिकवलं आहे, ते नाही.

इमाम बुखारींच्या हदीससंग्रहात प्रेषितांचे सोबती अबू हुरैरा यांनी सांगितलेला एक लहानसा प्रसंग आहे. एक माणूस प्रेषितांकडे आला आणि काही उपदेश करा म्हणाला. रागावू नकोस, असं उत्तर मिळालं. एवढ्याने त्याचं समाधान झालं नसावं. त्याने पुन्हा विचारलं, तेच उत्तर आलं. आणखी विचारलं, तरी तेच. पुढच्या काळातल्या भाष्यकारांना याचं कोडं पडलं. राग काही विचारून येत नाही, मग तो करू नकोस अशी आज्ञा कशी पाळायची? चौदाव्या शतकातले दमास्कसचे इब्न रजब यांनी याचे दोन अर्थ लावले. एक, राग कमी येईल असा स्वभाव आधीपासून घडवत जा. दुसरा, आलाच तर तो जे करायला सांगतो ते करू नकोस. मला दुसरा अर्थ जास्त कामाचा वाटतो, कारण पहिल्याला जन्म पुरत नाही.

दुसरी प्रसिद्ध हदीस कुस्तीची आहे. खरा ताकदवान तो नव्हे जो समोरच्याला चीत करतो, तर तो जो रागाच्या क्षणी स्वतःवर ताबा ठेवतो, असा तिचा आशय. मशिदीतल्या प्रवचनांत ती इतक्यांदा येते की ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. तिच्यापेक्षा कमी सांगितली जाणारी, पण जास्त उपयोगाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. तुमच्यापैकी कोणाला राग आला आणि तो उभा असेल, तर त्याने बसावं. तेवढ्याने राग गेला तर ठीक, नाही तर आडवं व्हावं.

यात नीती नाही, पाप-पुण्य नाही, समोरचा बरोबर की चूक याचा निवाडाही नाही. फक्त शरीर कसं ठेवायचं ते सांगितलं आहे. उभा माणूस मारायला हात उगारू शकतो, पाऊल पुढे टाकू शकतो. बसलेल्याला आधी उठावं लागतं आणि आडव्या झालेल्याला तर बरीच खटपट करावी लागते. त्या खटपटीत जे दोन-चार क्षण जातात, तेवढेच हवे असतात.

राग येतो तेव्हा मेंदू शरीराला लढाईचा इशारा देतो. ॲड्रिनलिन रक्तात उतरतं, नाडी आणि रक्तदाब वाढतो, स्नायू ताठरतात, श्वास उथळ होतो. शहाणा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग त्या गोंधळात मागे पडतो. 2009 साली अमेरिकेत एडी हार्मन-जोन्स आणि कार्ली पीटरसन यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांनी लिहिलेल्या निबंधावर अपमान करणारे शेरे त्यांना ऐकवले. काही जण ताठ बसलेले होते, काही पाठीवर आडवे. ताठ बसलेल्यांच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात रागाच्या वेळी, चाल करून जाण्याच्या तयारीत दिसते तशी हालचाल दिसली. आडव्या असलेल्यांत ती दिसली नाही. गंमत अशी की राग किती आला, असं विचारल्यावर दोन्ही गटांनी सारखंच सांगितलं. म्हणजे आडवं होऊन राग आला नाही असं झालं नाही. राग होता, पण अंगावर धावून जाण्याची तयारी नव्हती. एका प्रयोगावर इमारत उभी करू नये, हे खरं. हदीस प्रयोगशाळेत सिद्ध झाली म्हणून छाती फुगवणारी व्याख्यानं मला आवडत नाहीत. धर्माला त्या प्रमाणपत्राची गरज नसते आणि विज्ञानाला त्या मिरवणुकीची. पण शरीराची ठेवण बदलली की मनाचा आवेग बदलतो, इथे दोघांची वाट मिळते एवढं नक्की.

दुसरा उपाय पाण्याचा. राग हा सैतानाकडून येतो, सैतान आगीचा, आणि आग पाण्याने विझते, म्हणून वुजू, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतात तसं धुणं, करावा, असं एका हदीसमध्ये आहे. हदीसच्या अनेक जाणकारांनी तिची सांगणाऱ्यांची साखळी कच्ची ठरवली आहे, म्हणजे ती प्रेषितांपर्यंत निःशंकपणे पोहोचत नाही. तरी घराघरांत ती पाळली जाते, कारण वुजूची सवय मुळातच दिवसातून पाच वेळा लागलेली असते. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी घोट्यापर्यंत पाय, क्रम ठरलेला. घाईने केला तरी मिनिट-दोन मिनिटं जातात आणि तेवढा वेळ जीभ व हात दोन्ही गुंतलेले राहतात. मेच्या उन्हात गार पाण्याचा तोंडावर हबका मारण्याचं सुख वेगळं सांगायला नको.

तिसरा उपाय गप्प बसण्याचा आणि चौथा अल्लाहचा आसरा मागणारे शब्द उच्चारण्याचा. बुखारींकडे याचाही प्रसंग आहे. दोन माणसं भांडत होती, त्यांतल्या एकाचा चेहरा लालबुंद झाला होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. आपल्याला एक वाक्य माहीत आहे, ते हा म्हणेल तर याचा राग जाईल, असं प्रेषित म्हणाले. लोकांनी जाऊन त्याला ते सांगितलं, तर तो उलट त्यांच्यावरच उखडला की मी काय वेडा आहे? हा शेवट संग्रहकारांनी गाळला नाही, याचं मला कौतुक वाटतं. रागावलेल्याला शांत हो म्हणणं किती निरुपयोगी असतं, ते चौदाशे वर्षांपूर्वीच नोंदलं गेलं आहे.

या सगळ्याच्या विरुद्ध एक समज आपल्याकडे रूढ आहे की राग बाहेर काढला म्हणजे मन मोकळं होतं. उशीवर ठोसे मारा, ओरडून घ्या, धावून या. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाच्या सोफी क्यार्विक आणि ब्रॅड बुशमन यांनी 154 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती होती आणि निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले. शरीराचा आवेग वाढवणाऱ्या गोष्टींनी राग कमी होत नाही. धावण्याने तर तो वाढल्याचं आढळलं. आवेग उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं, योग यांनी तो कमी होतो. बसणं, आडवं होणं, पाणी घेणं, गप्प राहणं हे सगळं या दुसऱ्या बाजूचं.

राग नेहमी वरून खाली वाहतो. साहेबासमोर येत नाही, नोकरासमोर येतो. बिडीच्या धंद्यात हे उघड दिसतं. घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईने दिवसभर मान मोडून केलेल्या मालातून सट्टेदार, म्हणजे मधला ठेकेदार, छाट म्हणून बिड्या बाद करतो आणि वर चार शब्द ऐकवतो. त्याचा राग बहुतेकदा त्याला कारखान्यातून मिळालेल्या बोलण्याचा असतो. इमाम मुस्लिम यांच्या सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात प्रेषितांचे सोबती अबू मसऊद यांची गोष्ट आहे, ती इथली वाटावी अशी आहे. ते आपल्या गुलामाला चाबकाने मारत होते. मागून कोणी हाक मारली, पण रागात त्यांना आवाज ओळखू आला नाही. हाक मारणारे जवळ आले तेव्हा कळलं की हे तर प्रेषित आहेत. तुझी जेवढी सत्ता या माणसावर आहे, त्याहून अल्लाहची तुझ्यावर जास्त आहे, असं त्यांनी सुनावलं. अबू मसऊद यांच्या हातून चाबूक गळून पडला आणि त्यांनी त्या गुलामाला मुक्त केलं. ही गोष्ट स्वतः अबू मसऊद यांनीच सांगितली आहे, आवाज ओळखू न आल्याच्या तपशिलासकट. माणूस रागात बहिरा होतो, हे कबूल करायला त्यांना लाज वाटली नाही.

न्यायाधीशाने रागात असताना दोघांमध्ये निवाडा करू नये, अशी हदीस आहे आणि इस्लामी न्यायशास्त्रात तिला मोठं स्थान मिळालं. पुढे शास्त्रकारांनी भूक, तहान, झोप, दुःख यांनाही हाच नियम लावला. घरोघर आपण सगळेच दिवसातून दहा निवाडे करत असतो. मुलाला शिक्षा, सुनेला बोल, कामगाराला काढून टाकणं. ते खुर्चीवर बसून केले जात नाहीत म्हणून त्यांना निवाडा म्हणायचं आपल्या लक्षात येत नाही.

वैद्य आणि तत्त्वज्ञांनीही यावर लिहिलं. इराणचा वैद्य अबू बक्र अल-राझी हा दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा. मनाच्या वैद्यकावरच्या त्याच्या पुस्तकात रागावर एक छोटं प्रकरण आहे आणि त्यात त्याने ग्रीक वैद्य गेलनची एक आठवण दिली आहे. गेलनची आई कुलूप उघडेना की ते दातांनी चावायची. राझीने हा किस्सा नेमका उचलला, कारण रागाचं हास्यास्पद रूप दाखवणं हाही त्याच्या उपचाराचाच भाग होता.

बारावं शतक उजाडताना इमाम गझाली (1058-1111) यांनी इह्या उलूमिद्दीन या आपल्या मोठ्या ग्रंथात राग, आकस आणि मत्सर या तिघांना मिळून एक स्वतंत्र भाग दिला. रोग एकमेकांना जन्म देतात, हे त्यांचं निदान. राग बाहेर पडू शकला नाही की आत मुरून आकस होतो आणि आकसातून मत्सर. पण राग समूळ उपटून टाकायला ते सांगत नाहीत. ज्याला रागच येत नाही, तो अन्यायही मुकाट बघतो, त्याला ते दुबळा म्हणतात. शिकारी कुत्र्यासारखा राग शिकवलेला असावा: बुद्धीने सोडलं तरच धावणारा आणि बोलावलं की परतणारा. मराठी वाचकाला यात परकं काही वाटू नये. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सूफी परंपरेतले मराठी संतकवी. त्यांच्या योगसंग्रामातली लढाई आतल्याच शत्रूंशी आहे. परंपरा सांगते की त्यांचे गुरू चांद बोधले हेच एकनाथांच्या गुरूंचे, जनार्दनस्वामींचेही गुरू. आपण ज्यांना शांतिब्रह्म म्हणतो ते एकनाथ आणि हे शेख महंमद असे एका घराण्यात बसतात.

गझालींच्या आधी दीडशेहून जास्त वर्षं, आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख भागात अबू झैद अल-बल्खी होऊन गेले (मृत्यू 934). त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग शरीराच्या आरोग्यावर आणि दुसरा मनाच्या. मनाच्या विकारांचे त्यांनी चार मुख्य प्रकार सांगितले: राग, भीती, दुःख आणि पुन्हा पुन्हा छळणारे विचार. त्यांचा एक सल्ला आजच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या तोंडी शोभेल असा आहे. मन शांत असताना चांगले, समजूत घालणारे विचार नीट जमवून ठेवावेत, घरात औषधं ठेवतात तसे. रागाच्या वेळी नवा विचार सुचत नाही, ठेवलेलाच हाती लागतो.

राग आणि निवाडा यांच्यामधलं अंतर जिथे पार पुसलं गेलं ती गोष्ट म्हणजे एका दमात दिलेला तीन तलाक. इस्लामच्या रागाविषयीच्या सगळ्या शिकवणीची इतकी उघड पायमल्ली दुसऱ्या कशात झाली नसेल. कुरआनात तलाकला पायऱ्या आहेत. नवरा-बायकोत बेबनाव होण्याची भीती वाटली तर दोघांच्या घरांतून एक-एक मध्यस्थ नेमायला सांगितलं आहे. तलाक दिल्यावर इद्दत आहे, साधारण तीन पाळ्यांचा काळ, ज्यात माघार घेता येते. म्हणजे इथेही वेळच घातलेला आहे, रागाला खाली बसवण्यासाठी. हदीसमध्ये असंही आहे की इग्लाकच्या अवस्थेतला तलाक तलाक नव्हे. काहींनी त्याचा अर्थ जबरदस्ती असा लावला, काहींनी भान हरपवणारा संताप. चौदाव्या शतकातले इब्न कय्यिम यांनी रागावलेल्या माणसाच्या तलाकवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली आणि रागाच्या तीन पायऱ्या पाडल्या. नुकताच आलेला राग, ज्यात शुद्ध शाबूत आहे, त्यातला तलाक लागू. काय बोलतो ते कळतच नाही, त्यातला लागू नाही. मधल्या पायरीवर वाद, पण त्यांचा कल लागू न धरण्याकडे. भारतातल्या बहुसंख्य हनफी उलेमांनी मात्र शतकानुशतकं एका बैठकीतले तीन शब्द तीनच मोजले. फोनवर, दारूच्या नशेत, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. नवरा दुसऱ्या दिवशी रडत मौलानांकडे जायचा आणि त्याला सांगितलं जायचं की आता काही इलाज नाही.

याविरुद्धचा पहिला ठळक आवाज महाराष्ट्रातून उठला. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. सातच बायका, पण तोवर असं कोणी केलं नव्हतं. 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाई धर्माच्या आतून नव्हे, बाहेरून बोलत होते आणि उलेमांनी त्यांना जवळ केलं नाही. पण 2002 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात जे सांगितलं ते कुरआनाचाच आधार घेऊन: तलाकला सबळ कारण हवं आणि त्याआधी मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न झालेला हवा. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तीन तलाक रद्दबातल ठरवला. 2019 च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा ठेवली. शिक्षेच्या तरतुदीवर मतभेद आहेत आणि ते समजण्यासारखे आहेत, नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कोण देणार हा प्रश्न खोटा नाही. पण रागाच्या भरात बोललेले तीन शब्द घर मोडू शकत नाहीत, ही गोष्ट धर्माने शिकवली होती ती शेवटी कोर्टाला सांगावी लागली, हे मान्य करायला हवं.

राग घरात अबोल्याच्या रूपानेही राहतो. भावाभावांत वाटणीवरून, धुऱ्यावरून, लग्नातल्या मानपानावरून. दोन मुसलमानांनी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये आणि त्यांत जो आधी सलाम करील तो चांगला, अशी हदीस आहे. तीन दिवसांची सवलत मला फार माणुसकीची वाटते. पहिल्याच दिवशी गळ्यात गळा घालायला सांगितलेलं नाही. महाराष्ट्र सरकारने 2007 साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा गावोगावच्या समित्यांनी भांडणं पोलीस ठाण्याऐवजी चावडीवर आणून बसवली. समेटाला कुरआनात जे महत्त्व आहे, त्याला ती व्यवस्था जवळची होती.

आता या शिकवणीचा एक दुरुपयोग. मार खाणाऱ्या बाईला सब्र कर, धीर धर म्हणून परत पाठवलं जातं. राग आवरण्याची हदीस मारणाऱ्यासाठी आहे, ती मार खाणाऱ्याला ऐकवणं हे उलटं झालं. प्रेषितांनी कधी बाईवर किंवा नोकरावर हात उचलला नाही, असं त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी सांगितलं आहे; तेही इमाम मुस्लिम यांच्याच संग्रहात आहे. अन्यायाविरुद्ध आलेला राग गिळायला कोणी सांगितलेलं नाही, गझालींनी तर अजिबात नाही.

दुःखाबद्दल थोडं, कारण बराचसा राग दुःखाचंच दुसरं तोंड असतो. दुःख झालं म्हणजे ईमान कमजोर, असं काही जण सांगतात. कुरआनात याकूब मुलाच्या विरहात इतके रडतात की त्यांचे डोळे पांढरे होतात. प्रसूतीच्या वेदनेत मरियम म्हणतात की यापूर्वीच मेले असते तर बरं झालं असतं. पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब गेले ते वर्ष प्रेषितांच्या चरित्रात दुःखाचं वर्ष म्हणूनच ओळखलं जातं आणि लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा ते लोकांसमोर रडले. अल्लाहच्या स्मरणाने मन शांत होतं, असं कुरआन म्हणतो आणि तसबीह, म्हणजे जपमाळ, ओढताना अनेकांना ते अनुभवालाही येतं. तसबीहने काम होत नाही असाही एक टप्पा असतो. तिथून पुढे आजार सुरू होतो.

आजाराच्या बाबतीत नागपूरच्या ताजुद्दीन बाबांचं चरित्र विलक्षण आहे. 1861 साली कामठीत जन्म, तरुणपणी फौजेत नोकरी, मग ती सोडून फकिरी. 1892 साली सरकारने त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. तिथे भक्तांची रीघ लागली. 1908 साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणलं. 1925 साली ते गेले, आणि ताजबागेत आजही सगळ्या धर्मांचे लोक येतात. एकाच माणसाला कोणी वेडा म्हटलं, कोणी वली, म्हणजे संत. मनाच्या आजाराबद्दल आपण किती गोंधळलेले आहोत, त्याचा याहून मोठा दाखला नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडला महादेव आणि ख्वाजा उस्मान हारूनी यांच्या नावाचा दर्गा असे दोन्ही आहेत. महाशिवरात्रीच्या यात्रेत लोक दोन्हीकडे माथा टेकतात. मनाने खचलेलं माणूस आधी अशाच जागी जातं, आणि त्यात वावगं काही नाही.

वावगं होतं ते तिथेच थांबवलं गेल्यावर. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. याच्या उलट गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून दवा आणि दुआ नावाने काम चालू झालं. दर्ग्याची सेवा पाहणारे मुजावर दुआ करतात आणि तिथेच बसलेल्या डॉक्टरांकडे माणसाला पाठवतात. मुजावरांना पटवायला वेळ लागला, पण रुग्णाला मुजावरांनी सांगितलेलं डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा लवकर पटतं, हे डॉक्टरांच्याही लक्षात आलं. प्रत्येक आजाराला औषध आहे, उपचार करा, अशी हदीस आहेच. बल्खींनीही मनाच्या उपायांचे दोन भाग केले होते, एक माणसाने स्वतः करायचा आणि दुसरा बाहेरून येणारा. कारण शरीराच्या दुखण्याला जसा वैद्य लागतो तसा मनाच्याही, आणि दुखऱ्या मनाला स्वतःचं निदान करता येत नाही.

राग आवरेनासा झाला, हात उठू लागला, किंवा रागाच्या मागोमाग जगणंच नको वाटू लागलं, तर बसणं, आडवं होणं आणि वुजू एवढ्यावर भागत नाही. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र लागतो आणि पलीकडून मराठीतही बोलतात, हिंदीतही. जुम्याच्या खुत्ब्यानंतर इमामसाहेबांनी तो एकदा मोठ्याने वाचून दाखवायला काहीच हरकत नाही.